कोलोनोस्कोपी करायची आहे? आठवडाभर आधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

सकाळची वेळ. रुग्ण टेबलावर, हाताला सलाइन लागलेलं, दुर्बीण आत गेलेली. पाचच मिनिटांत डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, "पोट साफ झालेलं नाही. काहीच नीट दिसत नाहीये, परत यावं लागेल." कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीत, खासगी क्लिनिकमध्ये हा प्रसंग नेहमीचा आहे. पैसे जातात, रजा जाते, पोट साफ करण्याचं तेच औषध पुन्हा प्यावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी अर्धवट साफ पोटातच तपासणी उरकली जाते. रिपोर्टवर "नॉर्मल" असं येतं आणि मळाच्या थराखाली दडलेली छोटी गाठ तशीच वाढत राहते.

क्लिनिक एक छापील कागद देतं, तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो आणि घाईघाईत समजावलेला असतो. त्यामुळे घरी गेल्यावर त्याच त्या चुका होतात: दुधाचा चहा, शेंगदाण्याचं कूट, पहाटेचा डोस टाळणं, गोळ्या आपल्या मनानं बंद करणं. खाली सगळे टप्पे ज्या क्रमानं करायचे त्याच क्रमानं दिले आहेत. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं लिहून दिलं असेल तर त्यांचाच शब्द पाळा, कारण तुमची प्रकृती त्यांना माहीत आहे.

## टप्पा १: अपॉइंटमेंट घेताना

तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांशी समोरासमोर बोला. फोनवर रिसेप्शनिस्टनं वेळ दिली आणि कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, एवढ्यावर निघू नका. आधी तुम्ही सांगायचं आहे, मग विचारायचं आहे.

काय सांगायचं

चालू असलेली प्रत्येक गोळी घेऊन जा. नाव आठवत नसेल तर पाकीटच पिशवीत टाका. चार प्रकारची औषधं विशेष महत्त्वाची आहेत.

पहिली, रक्त पातळ करणारी. वॉरफरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन, रिव्हॅरोक्साबॅन अशी नावं असतील तर ठळकपणे सांगा. यातली काही औषधं तपासणीच्या काही दिवस आधी थांबवावी लागतात, तर ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात.

> सावध: हृदयात स्टेंट असेल, झडप बदललेली असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या किंवा शेजारच्या मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं बंद करू नका. गोळी लिहून देणारे हृदयरोगतज्ज्ञ आणि कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर, दोघांचा निरोप एकमेकांपर्यंत पोहोचला पाहिजे. तो लेखी मागा.

दुसरी, मधुमेहाची. त्या दिवसांत खाणं जवळजवळ बंद असतं, मग नेहमीचा डोस घेतला तर साखर धाडकन खाली येते. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर तीन-चार दिवस आधीच थांबवायला सांगतात. कोणत्या दिवशी किती घ्यायचं हे तारीखवार लिहून घ्या, आणि सकाळची पहिली वेळ मागा.

तिसरी, लोहाच्या गोळ्या. चौथी, वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं. त्यांच्यामुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देणाऱ्याला ते माहीत असावं लागतं.

औषधांव्यतिरिक्त हेही सांगा: किडनीचा किंवा हृदयाचा आजार, पोटाची आधीची ऑपरेशनं (सिझेरियन आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन धरून), पेसमेकर, झोपेत जोरात घोरणं, ॲलर्जी, गर्भारपण. जुनी बद्धकोष्ठता असेल तर ती लाजून लपवू नका. तीन-चार दिवसांतून एकदा शौचाला होणाऱ्याला नेहमीचं औषध पुरत नाही, त्याची तयारी दोन-तीन दिवस आधीपासून सुरू करावी लागते. तंबाखू, मिश्री, दारू यांचंही खरं सांगा. मिश्री लावणाऱ्या बायका "व्यसन नाही" असं सांगतात, कारण घरात ती व्यसनात धरलीच जात नाही. भूलतज्ज्ञाला मात्र ते कळलं पाहिजे.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण यात माणसांचं आयुष्य जातं. शौचावाटे रक्त पडतं म्हटलं की आपल्याकडे मूळव्याध गृहीत धरली जाते आणि गावोगावच्या "हमखास इलाज" पाट्यांखाली वर्षं निघून जातात. रक्त, न समजता घटणारं वजन, हिमोग्लोबिन सतत कमी, शौचाची सवय अचानक बदललेली, यांतलं काहीही असेल तर आत पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका. मूळव्याध असली तरी तिच्या वर आणखी काही नाही, हे दुर्बिणीनंच कळतं.

काय विचारायचं

- तपासणी स्वतः कोण करणार? पोटविकारतज्ज्ञ की सर्जन, आणि हे काम ते नियमित करतात का?
- भूल कोणती? भूलतज्ज्ञ हजर असणार का?
- गाठ म्हणजे पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढणार, की पुन्हा बोलावणार?
- सांगितलेल्या रकमेत भूल, बायोप्सी (आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणं), पॉलिप काढणं आणि पॅथॉलॉजीचं बिल धरलं आहे का?
- काही गुंतागुंत झाली तर कोणत्या हॉस्पिटलला हलवणार?
- दोन रुग्णांच्या मध्ये दुर्बीण कशी निर्जंतुक करता?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. दुर्बीण आधी घासून धुवावी लागते, मग जंतुनाशकात ठरावीक वेळ ठेवावी लागते. चांगलं क्लिनिक हे शांतपणे समजावून सांगतं.

पैशांच्या प्रश्नावर थोडा जास्त वेळ द्या. जाहिरातीतला आकडा बहुधा फक्त दुर्बीण घालून पाहण्याचा असतो. दोन पॉलिप निघाले आणि चार तुकडे तपासायला गेले की बिल बरंच वाढतं. विमा असेल तर आधीच टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे विचारा. केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी तो खर्च देत नाहीत. पॉलिप काढला तर तो उपचार ठरू शकतो, पण त्यासाठी डॉक्टरांचं पत्र आणि आधीची कागदपत्रं लागतात.

> तपासून घ्या: घरी निघताना हातात तीन गोष्टी हव्यात. औषधांचं तारीखवार वेळापत्रक, पोट साफ करण्याच्या औषधाचं नाव आणि वेळा, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

## टप्पा २: आठवडाभर आधी

लोहाच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. त्यांच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो आणि आतड्याला चिकटून बसतो. इसबगोल आणि इतर कोंड्याची चूर्णंही बंद करा. पोट साफ व्हायला मदत होईल म्हणून कित्येक जण नेमकं याच आठवड्यात इसबगोल वाढवतात, पण त्याचा बुळबुळीत थर आत राहतो आणि दुर्बिणीला काही दिसत नाही.

सांगितलेल्या रक्ततपासण्या याच आठवड्यात उरका. साधारणपणे रक्ताचा सीबीसी, रक्त गोठण्याची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या, वय जास्त असेल तर ईसीजी असं मागतात. आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये धावपळ करणं जमत नाही, कारण तोवर तुम्ही बाथरूमच्या आसपास अडकलेले असता.

सोबत कोण येणार ते ठरवा. प्रौढ माणूस हवा, जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबेल. "सोडून जातो, झालं की फोन करा" हे चालत नाही. भूल दिलेल्या रुग्णाला एकट्यानं रिक्षात बसवून पाठवत नाहीत.

बाहेरगावहून येणाऱ्यांनी हे नक्की वाचा. साताऱ्याहून किंवा नगरहून पुण्यात तपासणी आहे, म्हणून रात्री घरी औषध प्यायचं आणि पहाटेची एसटी पकडायची, असा बेत करू नका. औषधाचा दुसरा भाग पहाटे घ्यायचा असतो आणि तो घेतल्यावर दीड-दोन तास शौचालय हाताशी लागतं. मग प्रवासाच्या भीतीनं दुसरा भाग टाळला जातो आणि तपासणी फुकट जाते. आदल्या दुपारपर्यंत शहरात या, क्लिनिकजवळ नातेवाइकांकडे किंवा लॉजवर राहा. लॉजवर राहणार असाल तर खोलीतच शौचालय आहे आणि रात्री पाणी असतं, याची खात्री करून घ्या.

घरी असाल तरी शौचालयाचा विचार आधी करा. त्या रात्री दहा-पंधरा वेळा जावं लागू शकतं. गुडघे दुखणाऱ्या वयस्कर माणसाला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर इतक्यांदा उठबस झेपत नाही. कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. पाणी ठरावीक वेळी येत असेल तर बादल्या भरून ठेवा, आणि व्हॅसलीन आणून ठेवा. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर लगेच लावायला सुरुवात केली तर जागा हुळहुळत नाही. आग व्हायला लागल्यावर लावून तेवढा उपयोग होत नाही.

## टप्पा ३: तीन दिवस आधीपासूनचं जेवण

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. "हलकं खा" एवढंच सांगितलेलं असतं आणि आपल्याकडे हलकं म्हणजे मुगाचं वरण, पालेभाजी, फळं. कोलोनोस्कोपीसाठी हलकं म्हणजे ज्याचा आत चोथा उरत नाही असं. जे एरवी पोटाला चांगलं म्हणून खातो, तेच या तीन दिवसांत बंद.

चालतं: पांढरा भात, मऊ गुरगुट्या भात, दहीभात, ताक, मैद्याचा पांढरा ब्रेड, सालं काढून उकडलेला बटाटा, पनीर, अंडी, मासे किंवा चिकन (साधं, रस्सा गाळून), नीट घोटून गाळलेल्या वरणाचं पातळ पाणी, रव्याचा साधा शिरा.

बंद: ज्वारी-बाजरीची भाकरी, गव्हाची पोळी, सालाची डाळ, उसळी, सगळ्या पालेभाज्या, भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी, मका, पेरू, डाळिंब, अंजीर, जवसाची आणि तिळाची चटणी, सुकं-ओलं खोबरं, सब्जा घातलेलं सरबत.

आता फोडणीकडे या. भात साधा असतो, पण वरून मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि कोथिंबीर पडते. मोहरीचा दाणा पचत नाही, तो जसाच्या तसा पुढे सरकतो. दुर्बिणीच्या आत मळ-पाणी ओढून घेणारी जी नळी असते ती जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यात टोमॅटोचं बी, मोहरी आणि कढीपत्त्याचा तुकडा एकत्र अडकला की ओढणं बंद पडतं आणि दर वेळी नळी मोकळी करत बसावं लागतं. टोमॅटोची साल तर आतड्याच्या भिंतीला ओल्या कागदासारखी चिकटते आणि तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून फोडणी द्यायचीच असेल तर तुपात हिंग-हळद एवढीच द्या.

> सावध: "पोट रिकामं ठेवायचंय, मग उपवासाचंच खाऊ" हा विचार अगदी स्वाभाविक वाटतो आणि नेमका घातक ठरतो. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट, वरीसोबत दाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी, खजूर, या सगळ्यांचा कण आणि चोथा आत उरतो. एकादशी किंवा चतुर्थी या तीन दिवसांत येत असेल तर दही, बटाटा, दूध यांवर भागवा.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ही यादी वाचून दाखवा. रुग्णाला नियम माहीत असतात, पण ताटात कूट घातलेली कोशिंबीर सवयीनं वाढली जाते.

## टप्पा ४: आदला दिवस

बऱ्याच क्लिनिकमध्ये सकाळी दहीभात किंवा ब्रेड असा छोटा नाश्ता चालतो. त्यानंतर घन काहीच नाही, फक्त पारदर्शक द्रव. पारदर्शक म्हणजे काचेच्या पेल्यात ओतल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे: पाणी, शहाळ्याचं पाणी (मलई नको), गाळलेलं लिंबू सरबत, गर नसलेला सफरचंदाचा रस, गाळलेलं पातळ सूप, कोरा चहा, कोरी कॉफी.

ताक आणि दूध या दिवशी बंद. "अर्धा कप चहानं काय होतंय" असं म्हणून घेतलेला दुधाचा चहा ही नेहमीची चूक आहे. पहाटे किंवा सकाळी घेतला तर तो आणखी महागात पडतो. भूल देण्यासाठी पोट रिकामं असावं लागतं आणि दूध हे पाण्यासारखं पटकन उतरत नाही, त्याला सहा तास धरतात. चहा प्यायला असं कळलं तर भूलतज्ज्ञ तपासणी पुढे ढकलतील, आणि ते बरोबरच करतील.

लाल, जांभळी सरबतंही टाळा. कोकम, बीट, गुलाब, जांभूळ यांचा रंग आत रक्तासारखा दिसतो.

दिवसभर पीत राहा. मळमळ, डोकेदुखी, चक्कर बहुतांशी पाणी कमी पडल्यानं होते. मधुमेहींनी दर तीन-चार तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि साखर खाली आली तर साखरपाणी घ्यावं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

## टप्पा ५: औषधाचा पहिला भाग, संध्याकाळी

आपल्याकडे सर्वाधिक दिलं जातं ते पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) पाकीट, बरेचदा पेग्लेक या नावाचं. एक पाकीट दोन लिटर पाण्यात. हे प्रमाण निश्चित आहे. औषध आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि शरीरातले क्षार हलू देत नाही, पण पाणी बरोबर मोजलं तरच.

1. दोन लिटरची स्वच्छ बाटली किंवा मापाचं भांडं घ्या. अंदाजानं तांब्या मोजू नका.
2. पूर्ण पाकीट एकाच वेळी विरघळवा. अर्धं आता, अर्धं पहाटे असं चमच्यानं वाटू नका, भुकटी समान वाटली जात नाही. विरघळलेलं पाणी मात्र अर्धं-अर्धं करा आणि पहाटेचा भाग फ्रीजमध्ये ठेवा.
3. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास सुरू करा. एक पेला, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी. घोटघोट नको, पेला दोन-तीन दमांत संपवा. घोटघोट पिण्यानं मळमळ वाढते.
4. सांगितलेल्या इतर गोळ्या औषध सुरू करण्याच्या निदान तासभर आधी घ्या. नाहीतर त्या न विरघळताच निघून जातात. फिट्सच्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

चव खारट-तुरट असते. थंड करून, स्ट्रॉनं, मधेच लिंबाची फोड चोखून घेतलं तर सोपं जातं. साखर, दूध, इलेक्ट्रॉल असं काही त्यात मिसळू नका. उलटी झाली तर अर्धा तास थांबा, मग सावकाश पुन्हा सुरू करा. उलटीवरची गोळी आधीच लिहून घेतलेली असेल तर ती इथं उपयोगी पडते.

जुलाब तासाभरात सुरू होतात, काहींना जास्त वेळ लागतो. घरातल्या घरात चालत राहा.

> सावध: "एवढं पाणी नको, कमी प्यायचं औषध द्या" असा हट्ट मेडिकलच्या दुकानात धरू नका. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली पाहायला सोपी, पण किडनी किंवा हृदय कमजोर असलेल्यांना, वयस्करांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना तिच्यामुळे किडनीला इजा होऊ शकते. औषध बदलायचं तर डॉक्टरांनीच.

> लगेच फोन करा: पोट फुगून घट्ट झालं आणि शौचाला काहीच होत नाही, उलट्या थांबत नाहीत, घेरी येऊन पडायला झालं किंवा छातीत धडधडतंय. औषध थांबवून क्लिनिकनं दिलेल्या नंबरवर फोन करा.

## टप्पा ६: पहाटेचा दुसरा भाग

रात्री अकरा वाजता शौचाला नुसतं पाणी होत असतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं साफ. मग पहाटेचा गजर बंद करून झोपतात. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि उरलासुरला मळ खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर पिवळा, चिकट थर धरतो. चपट्या, ओळखायला अवघड गाठी बहुतेक त्याच भागात असतात. पहाटेचा डोस हा थर धुण्यासाठी आहे.

वेळ अशी बसवा. दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू झाला पाहिजे आणि निदान दोन तास आधी सगळं पिणं संपलं पाहिजे. दहाची वेळ असेल तर पाचला सुरू, साडेसहाला संपलं, आठपर्यंत हवं तर थोडं पाणी, त्यानंतर घोटभरही नाही. दुपारची वेळ असेल तर याच हिशेबानं पुढे सरकवा. क्लिनिकनं सगळं औषध आदल्या रात्रीच संपवायला सांगितलं असेल तर "दोन भागांत घेऊ का?" असं स्वतःहून विचारा.

रक्तदाबाची गोळी घ्यायला सांगितली असेल तर घोटभर पाण्यासोबत. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी सकाळी अजिबात नको.

> तपासून घ्या: शेवटच्या दोन वेळेला जे पडेल ते पाहा. तपकिरी पाणी म्हणजे अजून नाही. गढूळ नारिंगी म्हणजे जवळ आलंय. फिकट पिवळं, आरपार दिसणारं आणि भांड्याचा तळ दिसतोय, म्हणजे झालं. थोडेसे कण तरंगले तर चालतात. अजून गढूळ असेल तर लपवू नका, क्लिनिकला फोन करा. एनिमा देता येतो किंवा वेळ थोडी पुढे घेता येते, पण हे टेबलावर चढण्याआधी कळलं तर.

## टप्पा ७: क्लिनिकमध्ये

सैल कपडे, आधीचे रिपोर्ट, औषधांची यादी, जास्तीची अंतर्वस्त्रं. दागिने घरीच ठेवा. पॉलिप काढताना काही वेळा विद्युतप्रवाह वापरतात, म्हणून अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढायला सांगतात. मंगळसूत्र काढणं मनाला लागत असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोला, टेबलाशी वाद नको. नेलपॉलिश काढा, बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्यामुळे चुकू शकतं. कवळी काढून ठेवा. पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकलायची गरज नसते, फक्त सिस्टरना सांगा.

संमतीपत्र वाचून सही करा. त्यात रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणं असे धोके लिहिलेले असतात. नुसत्या तपासणीत छिद्र पडणं दुर्मीळ आहे, हजारात एखाद्यापेक्षाही कमी. मोठा पॉलिप काढताना धोका थोडा वाढतो. पॉलिप सापडला तर काढायची परवानगी त्या कागदात आहे ना, ते बघा. नसेल तर पुन्हा हीच सगळी तयारी करावी लागेल.

मागून उघडा गाऊन देतात. बाई रुग्ण असेल तर खोलीत सिस्टर असावी असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. शिरेतून औषध जातं. काही ठिकाणी मिडाझोलाम-फेंटानिलची गुंगी देतात, त्यात हाक ऐकू येते. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ प्रोपोफोल देतात, त्यात पूर्ण झोप लागते.

आधी बोटानं तपासतात, मग जेली लावून दुर्बीण. ती बोटाएवढी जाड आणि साधारण १६० सेंटिमीटर लांब असते, मोठं आतडं सुमारे दीड मीटर. आत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून आतडं फुगवतात. त्यामुळे पोट ताणल्यासारखं आणि शौचाला लागल्यासारखं वाटतं. शौचाला होईल या भीतीनं अंग आवळू नका, आत आता फक्त पाणी आणि हवा आहे. वळणावर दुर्बीण अडली की सिस्टर पोट दाबतात किंवा कूस बदलायला सांगतात.

खरी पाहणी दुर्बीण मागे घेताना होते. शेवटच्या टोकापर्यंत पोहोचल्यावर ती निदान सहा मिनिटं हळूहळू बाहेर काढत प्रत्येक घडी पाहायची असते. एकूण २० ते ४५ मिनिटं लागतात, त्यामुळे बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये. पॉलिप काढल्याचं किंवा तुकडा घेतल्याचं दुखत नाही.

## टप्पा ८: बाहेर आल्यावर आणि घरी

तासभर ते दोन तास झोपवून ठेवतात. गॅस सोडायला लाजू नका, कळ त्यानंच कमी होते.

डॉक्टर काय सांगतात ते सोबतच्या माणसानं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. गुंगीच्या औषधानं रुग्ण शहाण्यासारखा मान डोलावतो आणि संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही.

लहान क्लिनिकमध्ये बायोप्सीची बाटली नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पोहोचवायला सांगतात. निघण्याआधी बाटलीवर रुग्णाचं नाव, तारीख आणि तुकडा कुठून घेतला हे लिहिलंय का पाहा. आतलं द्रव फॉर्मॅलिन असतं, ते सांडू नका, त्यात पाणी घालू नका, आणि त्याच दिवशी पोहोचवा. आतड्याच्या क्षयाची शंका असेल तर कल्चरसाठीचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठीचा) तुकडा वेगळ्या बाटलीत, फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये जातो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरला काही उगवत नाही. दोन बाटल्या दिल्या असतील तर कोणती कुठे द्यायची, हे विचारून घ्या.

घरी मऊ भात, ताक, खिचडीपासून सुरुवात. तिखट-तळलेलं त्या दिवशी नको. २४ तास गाडी चालवणं, दारू, यंत्रावरचं काम, महत्त्वाच्या कागदांवर सह्या बंद. एक-दोन दिवस शौचाला झालं नाही तरी काळजी नको, आत काही उरलेलंच नसतं. थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची, हे निघण्याआधी विचारा. हा प्रश्न विसरला जातो आणि माणसं आठवडाभर गोळीशिवाय राहतात.

> दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका: वाढत जाणारी पोटदुखी, पोट लाकडासारखं कडक, ताप-थंडी, गाठी असलेलं किंवा पुन्हा पुन्हा पडणारं रक्त, डांबरासारखा काळा मळ, घाम येऊन चक्कर. पॉलिप काढलेला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. त्या काळात लांबचा प्रवास, यात्रा, ट्रेक ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बायोप्सीनंतर थेंबभर रक्त दिसलं तर मात्र घाबरण्याचं कारण नाही.

## टप्पा ९: रिपोर्ट

दुर्बिणीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, बायोप्सीचा काही दिवसांनी. तो आणायला विसरू नका. "काही गंभीर असतं तर त्यांनी फोन केला असता" हे गृहीत धरू नका.

दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये पुढच्या गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचली का आणि तिथला फोटो आहे का. पोट किती साफ होतं: काही ठिकाणी बोस्टन स्केलचा आकडा देतात, तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन हवेत. पॉलिप असेल तर किती मोठा, कुठे, पूर्ण निघाला का. पोट साफ नव्हतं असं लिहून खाली "नॉर्मल" असेल तर त्या नॉर्मलवर विसंबू नका, पुन्हा कधी करायची ते विचारा.

बायोप्सीत "ॲडेनोमा" शब्द दिसला की घरात रडारड होते. ॲडेनोमा म्हणजे कॅन्सर नाही. ती अशी गाठ, जी आत राहिली असती तर काही वर्षांत कॅन्सरकडे वळण्याची शक्यता होती, आणि ती आता निघाली आहे. किती, केवढ्या आणि कोणत्या प्रकारच्या होत्या यावर पुढची कोलोनोस्कोपी ठरते. ते साल कागदावर लिहून घ्या. फोटो, सीडी आणि दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा, पुढच्या डॉक्टरांना तुलनेसाठी तेच लागतात.

आतड्याचा कॅन्सर निघाला तर भावंडांना आणि मुलांना सांगणं टाळू नका. त्यांनी पहिली कोलोनोस्कोपी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा घरातल्या रुग्णाला ज्या वयात आजार सापडला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा करून घ्यायची असते. मोठा पॉलिप निघाला असेल तरी त्यांनी कधी तपासून घ्यावं, हे डॉक्टरांना विचारा.